जपून ठेवलेली पट्टी

मावळात कागद टिकत नाही. जूनमध्ये कपाटात ठेवलेली फाइल दिवाळीला काढली, तर पानं एकमेकांना चिकटलेली असतात आणि कडेनं हिरवट बुरशी धरलेली असते. माझ्या स्वतःच्या पदवीच्या प्रमाणपत्राला एका कोपऱ्यात वाळवी लागली आहे. ते तसंच भिंतीवर आहे, कारण ते वाचायला कोणी येत नाही. पण ज्यांना एका दाखल्यासाठी वडगावच्या कचेरीत पुन्हापुन्हा खेपा घालाव्या लागतात, त्यांना असं चालत नाही. म्हणून आमच्याकडे लोक सगळं लॅमिनेट करतात. रेशनकार्ड, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, लेकराच्या लशींचं कार्ड, कोणाकोणाची तर लग्नपत्रिकासुद्धा. पावसाळ्याच्या तोंडाला कामशेतच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानाबाहेर जी गर्दी असते, ती याचीच.

आमच्या दवाखान्यात साफसफाईला आणि वॉर्डात मदतीला असणाऱ्या मावशी या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. त्या पवनानगरकडून रोज वडापच्या, म्हणजे सीटं भरली की सुटणाऱ्या, जीपनं येतात. एका पावसाळ्यात छपराचा पत्रा उडाला आणि घरातल्या पेटीत पाणी शिरलं. त्यात मुलाचा जातीचा दाखला भिजून लगदा झाला आणि त्याचं त्या वर्षीचं अ‍ॅडमिशन हुकलं. त्यानंतर त्यांच्या घरातला एकही कागद उघडा राहिला नाही. लाइटबिलंसुद्धा नाही.

त्यांचा नवरा धरणाकाठच्या एका बंगल्यावर राखणदार होता. बंगल्याचे मालक वर्षातून थोडेच दिवस यायचे, त्यामुळे बंगला खऱ्या अर्थानं हाच वापरायचा. बोलका माणूस. मावशींना घ्यायला कधी दवाखान्यात आला, की दारातूनच सुरू व्हायचा.

"डॉक्टरीणबाई, हिला जरा समजवा. घरात समदं प्लास्टिकमंदी घातलं हिनं. आता एक मीच उघडा ऱ्हायलोय."

"तुमी मावत न्हाई मशिनमंदी," मावशी म्हणायच्या. "मावला आसता तर तवाच घातलं आसतं."

मी त्याला भाऊ म्हणायचे. भाऊंचा रक्तदाब जास्त होता आणि गोळ्या ते मनाला येईल तशा घ्यायचे. एकदा ईसीजी काढून घ्या म्हणून मी बरंच मागे लागले होते. "बाईमानसापुढं छाती उघडी करून झोपायचं वय न्हाई माजं," असं म्हणून ते निघून गेले. पुढे त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन शहराकडच्या एका हॉस्पिटलात झालं. ऑपरेशनच्या आधी तिथे ईसीजी काढतातच, तसा काढला असणार. मावशी दोन आठवड्यांनी कामावर आल्या आणि सगळं ठीक झालं म्हणाल्या. विषय तिथेच संपला.

कामशेतचा आमचा दवाखाना दहा खाटांचा आहे. मी हृदयविकारतज्ज्ञ नाही, साधी एमबीबीएस आहे. पण या भागात कोणाच्या छातीत दुखलं, की तो आधी माझ्याकडेच येतो, कारण हृदयाची मोठी हॉस्पिटलं पिंपरी-चिंचवडच्या अलीकडे नाहीत. त्यामुळे ईसीजी वाचणं माझ्यासाठी रोजचं काम आहे, तांदूळ निवडण्यासारखं. नव्या नर्स येतात त्यांना मीच शिकवते. पुस्तकातली भाषा वापरली, की त्या वहीत लिहून घेतात आणि विसरतात. म्हणून मी त्यांना आजूबाजूचंच दाखवते.

ईसीजीच्या निरोगी पट्टीत आधी एक लहान उंचवटा असतो, मग एक बारीक टोकदार सुळका आणि मग एक पसरट टेकाड. मग सपाट जमीन. पुन्हा तेच, सारख्याच अंतरानं. पहिला लहान उंचवटा म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांनी दिलेली हाक, आणि सुळका म्हणजे खालच्या कप्प्यांनी दिलेली ओ. लहान उंचवटे नाहीसे झाले आणि सुळके वाटेल तेव्हा यायला लागले, तर ती पवनानगरची वडाप. कधी लागोपाठ दोन, कधी बराच वेळ एकही नाही. अशा माणसाच्या हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. उंचवटेही नियमात आणि सुळकेही नियमात, पण दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही, तर ते वाटणीवरून बोलणं टाकलेले भाऊ. घर एक, चुली दोन. त्या माणसाला पेसमेकर लागतो. सुळक्यानंतर रेघ जमिनीवर उतरायला हवी ती उतरलीच नाही, पायरीसारखी वर थांबली, तर हृदयाची रक्तवाहिनी आत्ता बंद झालेली आहे आणि तुमच्या हातात वेळ नाही. सुळक्याच्या आधी खोल खड्डा असेल, तर तिथला स्नायू मेलेला आहे. तो कधी मेला, हे एकटा खड्डा सांगत नाही.

आणि सुळका बारीक न येता रुंद आला, माथ्यावर खाच असलेला, दोन शिखरांचा, तर तो लोहगड-विसापूर. मळवली स्टेशनवर उभं राहून बघितलं, की दोन्ही गड आणि मधली खिंड दिसते, तसा. म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला जाणारी तार तुटली आहे, डॉक्टर तिला ब्लॉक म्हणतात, आणि विजेला लांबच्या वाटेनं जावं लागतं आहे. हे मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन शिकवते. कारण लोहगड-विसापूरच्या आड पायरी दिसत नाही. हार्ट अटॅक त्या रुंद शिखरांमागे लपून बसतो. तार आज तुटली असेल, तर अटॅक समजून धावायचं. वर्षांपूर्वी तुटली असेल, तर घाई करण्याचं कारण नाही, छातीत दुखतंय ते दुसरंही काही असू शकतं. पट्टी दोन्ही वेळा सारखीच दिसते. फरक फक्त एकाच गोष्टीनं कळतो: त्या माणसाची जुनी पट्टी.

भाऊ आले ते रविवारी दुपारी, श्रावणात. मावशींची सुट्टी होती, त्याच त्यांना जीपमधून घेऊन आल्या. भाऊ चालत आत आले. शर्ट भिजलेला होता, पण बाहेर पाऊस थांबलेला होता.

"काय न्हाई ओ. काल सुकटाची चटणी लय झाली. ही उगाच घिऊन आली."

"भाऊ, बोलू नका. पडा."

"पडलो तर हिला पेन्शन बी न्हाई, बगा."

"गप ऱ्हावा की," मावशी म्हणाल्या. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी छातीशी धरली होती.

मी शर्ट काढायला लावला. या वेळी भाऊ काही बोलले नाहीत, तेव्हाच मला कळलं की दुखणं खरं आहे. छाती पुसून कोरडी केली, तारा लावल्या. पट्टी बाहेर आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत लोहगड-विसापूर.

अशा पट्टीतूनही अटॅक ओळखण्याच्या काही खुणा आहेत. त्या मी शोधल्या. एक अर्धवट होती, म्हणजे नव्हतीच. रक्ताची चाचणी इतक्या लवकर काही सांगत नाही. रक्तदाब चढलेला होता. फ्रिजमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन होतं. ते अटॅकमध्ये जीव वाचवतं. पण रक्तदाब चढलेला असताना ते दिलं, तर एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव होतो. अटॅक असेल तर हा धोका घ्यायचा असतो. अटॅक नसेल तर आपणच माणूस मारला असं होतं.

मी पट्टीचा फोटो चिंचवडच्या हृदयविकारतज्ज्ञांना पाठवला आणि फोन केला. माणूस चांगला आहे, रविवारीही उचलतो.

"ब्लॉक जुना आहे की नवा?" त्यांनी विचारलं. "जुना ईसीजी आहे का?"

मी मावशींकडे वळले. "मावशी, ऑपरेशनच्या वेळची पट्टी आहे का कुठे?"

त्यांचा चेहरा उजळला. असं माझ्या बाबतीत फार कमी वेळा होतं, की मी विचारावं आणि नातेवाइकांकडे ते असावं. "हाय ना! तुमी इचारणार म्हनून घिऊनच आले." त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून एक लांब प्लास्टिक काढलं आणि माझ्या हातात दिलं.

आतला कागद काळा होता. करपलेल्या भाकरीसारखा, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ईसीजीची पट्टी शाईनं छापत नाहीत. तो कागदच असा असतो, की त्याला उष्णता लागली की काळा पडतो. यंत्र जिथे चटका देतं तिथे रेघ उमटते. लॅमिनेशनचं मशीन तर सगळाच कागद भाजून काढतं.

"तितल्या डॉक्टरनी सांगितलं हुतं," मावशी म्हणाल्या. "ही पट्टी लय जपून ठेवा, पुढं लागंल. मी त्याच दिवशी घातली प्लास्टिकमंदी."

"मावशी, ही काळी आहे."

"व्हय, मशिनमधनं तशीच आली. दुकानदार म्हनला, प्लास्टिकमुळं वाटतंय तसं. उजेडाला धरली की दिसंल." त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि ट्यूबलाइटखाली धरली. मग तिरकी केली.

मी भाऊंना विचारलं, "त्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं पट्टीबद्दल? काही दोष आहे म्हणाले होते का?"

भाऊंनी डोळे मिटूनच उत्तर दिलं. "म्हनले, गाडी चालंल."

ऑपरेशनला हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जुना ब्लॉक असता तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. दवाखान्याच्या दुसऱ्या फोनवरून मी ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलला फोन लावला. जुने कागद काढणारा माणूस सोमवारी येणार होता. फोनवरच्या मुलीनं आपुलकीनं ऐकून घेतलं, पण तिच्या हातात काही नव्हतं.

चिंचवडचे डॉक्टर अजून लाइनवर होते. "जुना ईसीजी नाही, प्रेशर एवढं वर आहे, तर इंजेक्शन देऊ नका. माझ्याकडे पाठवा, सरळ अँजिओग्राफी करतो. तासाभरात पोचतील ना?"

"आज रविवार आहे," मी म्हणाले.

"हो, पण मी आहे हॉस्पिटलमध्ये."

त्यांना कळलं नाही मी काय म्हणाले ते. रविवारी दुपारनंतर लोणावळ्याकडून पुण्याकडे आणि पवनेकाठच्या पर्यटकांच्या तंबूंकडून कामशेतकडे जे उतरतं, ते चिंचवडला दिसत नाही. तरी त्यांचा सल्ला पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. मीही त्यांच्या जागी तोच दिला असता. मी आमच्याकडच्या दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून दवाखान्यात बसवलं आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये सोबत गेले.

वडगावपर्यंत ठीक गेलो. पुढे रस्ता गाड्यांनी भरलेला होता. ओल्या छत्र्या, टपावर बांधलेले तंबू, काचांमागे चिक्कीची खोकी. सायरन वाजत होता आणि कोणी मुद्दाम अडवत नव्हतं. चालकानं उतरून एका गाडीच्या काचेवर टकटक केली, तेव्हा आतला माणूस काच खाली करून म्हणाला, "दादा, घेतो हो, पण घेऊ कुठं?" त्याचं खरं होतं. एका बाजूला दुभाजक होता, दुसऱ्या बाजूला गटार.

आत मावशी भाऊंच्या पायाशी बसल्या होत्या. ती काळी पट्टी अजून त्यांच्या हातात होती. पुढच्या गाड्यांचे ब्रेकचे दिवे लागले, की त्या ती काचेजवळ नेत. दिवे विझले, की खाली घेत. मी मॉनिटरकडे बघत होते, पण हे मला दिसत होतं.

"दिसतंय का गं काय?" भाऊंनी विचारलं.

"कडंला जरा दिसल्यावानी वाटतंय."

"बग. तुझं डोळं चांगलं हायती."

सोमाटण्याच्या अलीकडे मॉनिटरवरची शिखरं आधी मोडली आणि मग नुसतीच थरथरायला लागली. या रेघेला मी नर्सना कोणतीही उपमा देत नाही, तिची गरज पडत नाही. मी शॉक दिला. पुन्हा दिला. छाती दाबत राहिले. मावशींना मी बाजूला व्हायला सांगितलं, पण तिथे बाजूला व्हायला जागा नव्हती. गाड्या हलायला लागल्या तेव्हा मी थांबले होते. चालकानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि सायरन बंद केला.

जलदान विधीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. पांढऱ्या साडीतल्या बायका ओळीनं बसल्या होत्या, बुद्धवंदना सुरू होती. भिंतीवर भाऊंचा फोटो होता, बंगल्याच्या फाटकाशी काढलेला, हसरा. लॅमिनेट केलेला. फोटो काळे पडत नाहीत, त्यांचा कागद वेगळा असतो.

मी त्या हॉस्पिटलच्या मागे लागून भाऊंच्या ईसीजीची प्रत मिळवली. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ती होती, माझ्या मोबाइलवर आली. कशाला मागवली असं मला घरच्यांनी विचारलं. मला माहीत असणं बरं वाटतं, एवढंच उत्तर मी दिलं. पट्टीत लहान उंचवटा, बारीक सुळका, पसरट टेकाड, मग सपाट जमीन. सगळं सारख्या अंतरानं. एवढी स्वच्छ पट्टी मला त्या महिन्यात दुसरी बघायला मिळाली नव्हती. म्हणजे तार त्यानंतर तुटली होती, आणि छातीतलं दुखणं बघता त्या रविवारीच. ही माझ्या हातात असती, तर फोनसुद्धा करायची गरज नव्हती. इंजेक्शन कामशेतलाच दिलं असतं.

मावशी कामावर परत आल्या. मी त्यांना अजून काही दिवस थांबा म्हणाले होते, तर "घरी बसून काय करू" म्हणाल्या. एके दिवशी दुपारी माझ्या खोलीत फरशी पुसत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बाई, त्या पट्टीचं कळलं का काय?"

"प्रत मिळाली."

"काय हुतं तिच्यात?"

"काही नाही. नॉर्मल होती."

त्या टाचांवर बसल्या. चेहऱ्यावर खरोखरच समाधान आलं. "बगा! मी म्हनत हुते. हृदय चांगलंच हुतं त्याचं."

मी इथे गप्प बसू शकले असते. बऱ्याच जणांनी मला नंतर सांगितलं, की बसायला हवं होतं. मी बसलेही होते. पण मावशी एवढी वर्षं दवाखान्यात आहेत. मी नर्सना शिकवते ते त्यांच्या कानावरून जातं. फडकं बादलीत बुडवताना त्यांचा हात थांबला.

"मंजी ती दिसली आसती, तर..."

"तर इंजेक्शन दिलं असतं."

"मग वाचला आसता?"

"खात्री नाही. पण वाचायची शक्यता होती."

"बरं," त्या म्हणाल्या. फडकं पिळलं आणि कॉटखालून पुसायला घेतलं. त्या पुसत पुसत दारापर्यंत गेल्या आणि मग बाहेरच्या पॅसेजमध्ये. अजूनही त्या विषयावर आम्ही बोललेलो नाही. रोज सकाळी त्या येतात, रोज संध्याकाळी जीप पकडतात.

मी एक सूचना छापून घेतली: ईसीजीची पट्टी लॅमिनेट करू नका, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. ती यंत्राशेजारी चिकटवली. पुढच्या पावसाळ्यात तिला ओल लागली आणि ती गळून पडली. दुसऱ्या दिवशी ती परत जागेवर होती, प्लास्टिकमध्ये.

सूचनेचा उपयोग झाला असं मला म्हणता येत नाही. जे लोक आमच्याकडे पट्टी काढतात त्यांना आम्ही सांगतो. पण लोक शहरात काढतात, कंपनीत काढतात, शिबिरात काढतात. तिथले डॉक्टर घाईत सांगतात, जपून ठेवा. आणि आमच्याकडे जपून ठेवण्याची रीत एकच आहे.

गेल्या आठवड्यात भाजे गावची एक बाई आली. भात लावता लावता छातीत कळ आली म्हणून तशीच आली होती, पायाला चिखल होता. पट्टी काढली, तर सुळक्यांच्या आधी खोल खड्डे. आजचे की जुने, ते एकट्या पट्टीवरून कळेना. मी जुन्या पट्टीबद्दल विचारलं. तिच्या सुनेनं तत्परतेनं पिशवी उघडली आणि प्लास्टिक बाहेर काढलं. मावशी शेजारीच बेडपॅन घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बेडपॅन खाली ठेवलं, ते प्लास्टिक सुनेच्या हातातून घेतलं, पदरानं दोन्ही बाजूंनी पुसलं आणि तिला परत दिलं.

"पिशवीत ठिव," त्या म्हणाल्या.

"दिसंल का म्याडमना?" सुनेनं विचारलं. "उजेडाला धरू का?"

मावशींनी बेडपॅन उचललं आणि त्या बाहेर गेल्या. मी चिंचवडला फोन लावला. त्यांनी काय विचारलं ते मला ऐकायची गरज नव्हती.